घरचा कुत्रा, घरचीच जबाबदारी

कोहमारा (जि. गोंदिया) : नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे कोहमारा वसले आहे. समोर रात्रंदिवस मालमोटारींची वर्दळ, मागे धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल असा हा परिसर आहे. सडक अर्जुनी तालुक्यातील अशा गावांमध्ये कुत्रा हा घराचाच एक घटक मानला जातो. धानाच्या पुंजण्यांची राखण करणे, रानडुकरांना पिटाळणे, रात्री-अपरात्री येणाऱ्याची चाहूल देणे ही कामे तो बिनपगारी करतो. त्या बदल्यात त्याला उरलेसुरले अन्न मिळते आणि छपरीतला एक कोपरा मिळतो.

हाच राखणदार एखाद्या दिवशी शेजारच्या मुलावर धावून जातो, महामार्गावर मोटारसायकलच्या मागे लागतो किंवा सकाळी त्याची साखळी तेवढी अंगणात पडलेली आढळते. मग ‘कुत्रा बिघडला’ किंवा ‘नशीब वाईट’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक घटनांचे मूळ कुत्र्याला कसे वाढवले, कोठे बांधले आणि काय शिकवले यात असते. लस, शिकवण आणि रात्रीचा सुरक्षित निवारा या तीन गोष्टी घरच्यांनी सांभाळल्या, तर कुत्र्यापासून होणारा आणि कुत्र्याला होणारा धोका बराच कमी करता येतो. त्यासाठी पैशांपेक्षा नियमितपणाच अधिक लागतो.

पिल्लू घरी आणताना

पिल्लू आईपासून दूर करण्यास साधारण आठ आठवड्यांचे वय योग्य समजले जाते. त्याआधी भावंडांशी खेळताना ते एक महत्त्वाचा धडा गिरवत असते. जोरात चावले की खेळ थांबतो, हा तो धडा होय. अगदी कोवळ्या वयात उचलून आणलेल्या पिल्लाला दातांचा जोर आवरण्याचे हे शिक्षण पुरेसे मिळत नाही.

अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वर्तनावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाची घडण करणारा असतो, हे या संशोधनातून पुढे आले. या काळात ज्या माणसांची, आवाजांची आणि प्राण्यांची त्याला सुखद ओळख होते, त्यांची भीती पुढे वाटत नाही. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच न मिळालेली पिल्ले नंतर माणसाळवणे अत्यंत कठीण गेले, असेही त्या काळच्या प्रयोगांत दिसून आले.

म्हणून या दोन-तीन महिन्यांत पिल्लाला घरातील लहानथोर, पाहुणे, टोपी किंवा हेल्मेट घातलेली माणसे, काठी टेकत चालणारे आजोबा, शेळ्या, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज या साऱ्यांची ओळख करून द्यावी. ती हळूहळू, दुरून आणि खाऊ देत करावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन फिरवावे. मोकाट कुत्री घाण करतात अशा जागी त्याला खाली सोडू नये. रक्ती हगवण लावून पिल्लांचा जीव घेणारा पार्वो हा विषाणू अशाच जागांतून पसरतो.

लस आणि जंतनाशक

पार्वो, डिस्टेंपर आदी रोगांवरील संयुक्त लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत दिली जाते. रेबीजची पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. तिची वर्धक मात्रा साधारण महिनाभराने आणि त्यानंतर दरवर्षी एक मात्रा, असा आपल्याकडील पशुवैद्यकांचा शिरस्ता आहे. ‘आमचा कुत्रा बाहेर जात नाही’ या कारणावरून लस टाळू नये. कुंपणावरून आलेले एखादे पिसाळलेले जनावरही पुरेसे असते.

जंतनाशक औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे. पिल्लू मोठे झाल्यावर दर तीन महिन्यांनी ते देणे योग्य ठरते. कुत्र्यातील काही जंत मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे ही काळजी मुलांच्याही आरोग्याची आहे. गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या आणि मान दर आठवड्याला तपासून गोचीड काढावेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो आणि त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. अशा वेळी दवाखान्यात नेण्यास विलंब करू नये.

आहारात भात चालतो, पण भातावर कुत्र्याचे पोषण होत नाही. त्यासोबत अंडे, मासळी, मांस किंवा डाळ असावी. तिखट-मिठाचा रस्सा, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट देऊ नये. शिजवलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात. ‘हाडूक’ टाकण्याची आपली जुनी सवय म्हणून टाळलेली बरी.

गावठी की विलायती?

गेल्या काही वर्षांत खेडोपाडीही लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड दिसू लागले आहेत. विदर्भाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दाट केसांच्या जातींना हे तापमान जीवघेणे ठरू शकते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यत्वे धापा टाकून शरीर थंड करतो. अशा जातींना दुपारी सावली, भरपूर पाणी आणि ओली फरशी लागते. गावठी कुत्रा या हवेला रुळलेला असतो.

बुद्धीच्या बाबतीतही गावठी कुत्र्याला कमी लेखण्याचे कारण नाही. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील प्रा. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाने बोटाने दाखवलेली दिशा ही कुत्री कोणत्याही प्रशिक्षणाविना ओळखू शकतात, असे त्यात आढळले. आपल्या अंगणातील कुत्राही घरच्यांच्या हालचालींकडे असाच लक्ष ठेवून असतो.

कुत्रा काय सांगतो?

कुत्रा ‘अचानक’ चावला, असे नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा त्याने आधी अनेक इशारे दिलेले असतात. ते ओळखता न आल्याने चावा अचानक वाटतो. अस्वस्थ कुत्रा प्रथम मान फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठांवरून जीभ फिरवतो. मग तो कान मागे पाडतो, शेपूट पायांत घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो. त्यानंतर त्याचे अंग एकदम ताठ होते. पुढची पायरी गुरगुरण्याची आणि त्याच्याही पुढची दात लावण्याची.

शेपूट हलणे म्हणजे आनंद, ही समजूत अर्धीच खरी आहे. सैल अंगाने, कमरेसकट हलणारी शेपूट मैत्रीची असते. ताठ उभारलेली आणि आखूड झटक्यांनी हलणारी शेपूट ताणाची खूण असते.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गुरगुरणे ही पूर्वसूचना होय. मार खाऊन कुत्रा सूचना देणे बंद करतो, पण त्याची भीती तशीच राहते. असा कुत्रा पुढे खरोखरच सूचना न देता चावतो. तो गुरगुरला तर मागे सरावे, त्याला कशाचा त्रास झाला ते शोधावे आणि ते कारण दूर करावे.

काठी की बक्षीस?

‘कुत्र्याला आपण मालक आहोत हे दाखवून द्यावे लागते’ हे मत आपल्याकडे रूढ आहे. त्याचा उगम शोधला तर तो बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासात सापडतो. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांच्या आपसांतील संघर्षावर लिहिले. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथामुळे ‘टोळीचा प्रमुख’ ही कल्पना जगभर पोहोचली. याच मेक यांनी रानातील लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. रानातील टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते आणि तेथे नेतृत्व मारामारीने मिळवलेले नसते, असे त्यांनी दाखवून दिले. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरणे किंवा पट्ट्याला हिसके देणे या प्रकारांना त्यामुळे शास्त्राचा आधार उरलेला नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित शिकवणीचीच शिफारस केली आहे.

या शिकवणीमागील तत्त्व सोपे आहे. ज्या कृतीनंतर काही चांगले मिळते ती कृती कुत्रा पुन्हा करतो. जिच्यानंतर काहीच मिळत नाही ती हळूहळू सोडून देतो. बक्षीस योग्य कृतीनंतर लगेच, एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे. उशीर झाला तर ते कशाबद्दल होते हे त्याला कळत नाही. शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी कुरतडलेल्या चपलेसाठी सायंकाळी मारले, तर कुत्रा फक्त मारणाऱ्याला भिऊ लागतो.

‘बस’ शिकवण्यासाठी खाऊचा तुकडा कुत्र्याच्या नाकाजवळून डोक्याच्या मागे न्यावा. मान वर जाताच बूड आपोआप टेकते. त्याच क्षणी खाऊ द्यावा. कृती जमू लागली की शब्द जोडावा. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरेत. ‘ये’ हा शब्द तर जीव वाचवणारा आहे. हाक मारून जवळ आलेल्या कुत्र्याला कधीही रागावू किंवा मारू नये, अन्यथा पुढच्या वेळी तो येणार नाही.

घरातील सर्वांनी शब्द एकच वापरणे आवश्यक आहे. या भागातील अनेक घरांत मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच वेळी बोलल्या जातात. आजी ‘बस’ म्हणते, मुलगा ‘बैठ’ म्हणतो आणि कुत्रा गोंधळतो. चार-पाच शब्द ठरवून ते भिंतीवर लिहून ठेवले तरी निम्मे काम होते. नियमांचेही तसेच. एकाने ताटातला घास द्यायचा आणि दुसऱ्याने त्याच गोष्टीसाठी हाकलायचे, अशा घरात कुत्रा हट्टी होतो.

नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

घरात घाण करणे : पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावे. तेथे विधी उरकताच शाबासकी द्यावी. घाणीत नाक घासल्याने ते लपून घाण करायला शिकते, याखेरीज काही साधत नाही.

कुरतडणे : दात येण्याच्या वयात, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, पिल्लाला चावण्यासाठी काही तरी लागतेच. जाड दोराची गाठ किंवा सुकवलेला नारळाचा काथ्या द्यावा, त्यावर लक्ष ठेवावे आणि चपला उचलून ठेवाव्यात. मोठा कुत्रा कुरतडत असेल तर त्याला पुरेसे फिरणे मिळत नाही, असे समजावे.

सतत भुंकणे : घरच्यांनी ओरडले तर कुत्र्याला तेही आपल्यासोबत भुंकत आहेत असेच वाटत असावे, असे त्याच्या वागण्यावरून दिसते. तो भुंकला की काय आहे ते पाहावे, त्याला जवळ बोलवावे आणि शांत होताच खाऊ द्यावा. राखणदाराचे काम चाहूल देण्याचे आहे. ती दिल्यावर गप्प बसणेही शिकवता येते.

अंगावर उड्या मारणे : पाठ फिरवून उभे राहावे. चारही पाय जमिनीवर टेकले की मगच लाड करावेत.

वाहनांमागे धावणे : महामार्गालगतच्या गावांतील ही सर्वांत घातक सवय होय. कुत्रा धावतो आणि वाहन निघून जाते. म्हणजे त्याच्या दृष्टीने दर वेळी त्याचाच विजय होतो आणि सवय पक्की होते. काही मोटारसायकलस्वार तोल जाऊन पडतात आणि काही कुत्री चाकाखाली येतात. यावर उपाय संधी न देण्याचाच आहे. आवाराला कुंपण घालावे आणि रस्त्याकडे नेताना पट्टा लावावा. वाहन दुरून दिसताच कुत्र्याला बसवून खाऊ द्यावा. काही आठवड्यांत तो वाहन दिसताच घरच्या माणसाकडे पाहू लागतो.

अन्नावरून गुरगुरणे : खात असलेल्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालून त्याची ‘परीक्षा’ घेऊ नये. दुरून जाता-येता त्याच्या ताटलीत अधिक चांगला तुकडा टाकावा. माणूस जवळ आला की अन्न वाढते, असे त्याला उमजले की गुरगुरणे ओसरते. तोंडातील वस्तू काढायची तर बदल्यात दुसरी द्यावी.

साखळीचा प्रश्न

कुत्रा दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवला की तो ‘तिखट’ होतो, असे मानले जाते. तो तापट होतो हे खरे, पण असा कुत्रा परका आणि घरचा यांत फरक करेल याची शाश्वती नसते. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये साखळीला बांधलेल्यांचे आणि निर्बीजीकरण न झालेल्या नरांचे प्रमाण अधिक आढळले होते. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. त्यामुळे भीती वाटल्यास त्याच्यापाशी चावण्याचा एकच मार्ग उरतो.

कायद्यालाही हे मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही गुन्हाच आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साखळी वापरायचीच तर ती लांब आणि हलकी असावी, सावली आणि पाणी आवाक्यात असावे आणि सकाळ-सायंकाळ अर्धा-अर्धा तास फिरणे चुकवू नये.

मुले आणि कुत्रा

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते १४ वर्षे वयाची मुले रेबीजला वारंवार बळी पडतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के प्रकरणांत कुत्राच कारणीभूत असतो. मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीला असते. त्यांच्या हालचाली झटपट असतात आणि कुत्र्याचे इशारे त्यांना वाचता येत नाहीत. चावा किंवा ओरखडा झाला तरी मार बसेल या भीतीने मुले तो लपवतात. म्हणून ‘कुत्रा चावला तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात आधीच बोलून ठेवले पाहिजे.

पाच-सहा वर्षांखालील मुलाला कुत्र्यासोबत, मग तो कितीही गरीब असो, एकटे सोडू नये. झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये, शेपूट किंवा कान ओढू नयेत, मिठी मारू नये, हे मुलांना शिकवावे. परका कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात अंगाशी घेऊन, नजर खाली करून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकावेत.

कुत्रा चावल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान १५ मिनिटे धुवावी. घरात हे लगेच करता येते आणि विषाणूचे प्रमाण कमी करण्यास त्याचा फार उपयोग होतो. जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल, झाडपाला लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. शासकीय रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवशी आणखी एक मात्रा असते. रक्त निघालेल्या जखमेत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. त्याची विचारणा आवर्जून करावी. जखम भरली म्हणून पुढील मात्रा सोडू नयेत.

चावलेला कुत्रा घरचा असेल तर त्याला मारू नये. सुरक्षित बांधून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे. या काळात तो धडधाकट राहिला तर पुढील उपचारांत बदल करायचा किंवा नाही हे डॉक्टर ठरवतात. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस घेण्याचा विचार करू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचण्याची शक्यता जवळजवळ नसते.

पिसाळलेला कुत्रा नेहमी चवताळलेलाच असतो असे नाही. काही कुत्री एकाएकी सुस्त होतात, अंधारात लपतात, त्यांचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे. कुत्रा पाणी प्यायला म्हणजे त्याला रेबीज नाही, असा निष्कर्ष काढू नये. घशात हाड अडकले असेल या समजुतीने अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये.

जंगलाच्या काठावर

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये अस्तित्वात आला. नवेगाव आणि नागझिरा या त्याच्या दोन भागांना जोडणारा वनपट्टा याच महामार्गाला छेदतो. गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने वाघाचा मृत्यू झाला होता. वन्यप्राणी येथे गावाच्या इतके जवळ वावरतात.

बिबट्याला कुत्रा ही सोपी शिकार आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा असल्याचे त्यात दिसून आले. बिबट्याच्या भीतीने राखणीसाठी कुत्रा ठेवायचा आणि तोच रात्री उघड्यावर बांधायचा, यातील विसंगती यावरून ध्यानी यावी. साखळीला बांधलेल्या कुत्र्यापाशी पळण्याचा पर्याय नसतो आणि बिबट्या मात्र घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. यासाठी सायंकाळनंतर कुत्रा घरात किंवा छप्पर, दार आणि मजबूत जाळी असलेल्या खोपटात ठेवावा. आतून भुंकून तो चाहूल देतोच. कोंबडीची आतडी, शिळे अन्न घराजवळ टाकू नये. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचायला जाताना कुत्रा सोबत नेण्याची पद्धत आहे. मोकळा कुत्रा श्वापदाला छेडून घाबरल्यावर धावत मालकाकडेच परततो आणि संकट सोबत आणतो. हरणामागे किंवा डुकरामागे कुत्रा सोडणे हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली शिकारीच्याच व्याख्येत बसणारा गुन्हा आहे.

रोगाचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. कुत्र्यांतील डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसभक्षकांनाही होतो. गुजरातच्या गीर जंगलात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा मृत सिंहांच्या नमुन्यांत हा विषाणू आढळला होता. सोलापूरजवळील नान्नज परिसरातील संशोधनातही गावकुत्र्यांमध्ये डिस्टेंपर आणि पार्वोचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर होऊन गेल्याचे दिसले. नागझिरा रानकुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. ही रानकुत्री आपल्या कुत्र्यांच्याच कुळातील असून त्यांनाही हा रोग होऊ शकतो. अंगणातील कुत्र्याला दिलेली लस अशा रीतीने जंगलापर्यंत उपयोगी पडते.

दिवाळी, मंडई आणि फटाके

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. नाटकांचे भोंगे रात्रभर चालतात, फटाके वाजतात. कुत्र्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. घाबरलेली कुत्री दोर तोडून पळतात आणि महामार्गावर सापडतात. या दिवसांत कुत्र्याला दुपारीच फिरवून आणावे. रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा किंवा रेडिओ सुरू ठेवून बसवावे. तो जवळ येऊन बसला तर हुसकावू नये. धीर दिल्याने भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. पट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.

नसबंदी का?

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. त्यांना घर मिळत नाही आणि मग ती पोत्यात घालून ढाब्याजवळ किंवा बाजारात सोडली जातात. पाळलेल्या प्राण्याला असे टाकून देणे १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हा आहेच, शिवाय मोकाट कुत्र्यांची संख्या त्यातूनच वाढते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये लागू केलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. पाळीव कुत्र्यांबाबत ही जबाबदारी मालकाची असते. निर्बीजीकरणाने कुत्रा ‘निकामी’ होत नाही. त्याची राखणदारी टिकते, भटकणे आणि माजाच्या काळातील मारामाऱ्या मात्र कमी होतात.

सल्ला केव्हा घ्यावा?

शांत कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला, हात लावू देईनासा झाला तर आधी आजाराची शंका घ्यावी. कानातील गळू, दाताचे दुखणे, सांधेदुखी, दृष्टी कमी होणे अशी कारणे अनेकदा वर्तनामागे दडलेली असतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. प्रथम तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवावे. अवघड रोगनिदानासाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे. एकदा चावलेल्या कुत्र्याबाबत घरगुती प्रयोग न करता जाणकारांचा सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत त्याला तोंडाची जाळी वापरण्याची सवय लावावी.

थोडक्यात, पण महत्त्वाचे

- रेबीजची लस दरवर्षी द्यावी आणि तिची नोंद असलेले कार्ड जपून ठेवावे.
- घरातील सर्वांनी आज्ञेचे शब्द आणि नियम एकच ठेवावेत.
- योग्य कृतीला लगेच बक्षीस द्यावे. मारणे पूर्णपणे टाळावे.
- गुरगुरणे ही सूचना समजावी आणि मागे सरावे.
- लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.
- सूर्यास्तानंतर कुत्रा बंद निवाऱ्यात ठेवावा.
- चावा किंवा ओरखडा झाल्यास १५ मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यातील एकाही गोष्टीला फार मोठा खर्च येत नाही. लसीचे कार्ड, खिशातील पोळीचे चार तुकडे आणि रात्री लावायला एक भक्कम दार एवढे साहित्य पुरते. कोहमाऱ्यासारख्या, एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला जंगल असलेल्या गावात आज सायंकाळी कुत्र्याला आत घेऊन दाराला कडी लावली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.